उतरत्या रंगाचा मागोवा

बोदवडच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका करून घ्यायला आलेला यजमान डीटीपीवाल्याला सहसा एवढेच सांगतो : "मागे जरा शेड टाका." मग संगणकाच्या पडद्यावर वर गडद किरमिजी, खाली येता येता फिकट गुलाबी अशी पार्श्वभूमी क्षणात उतरते आणि तीवर गणपती, मुहूर्त, निमंत्रकांची यादी चढते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तीच पार्श्वभूमी असते. शाळेच्या, पतसंस्थेच्या किंवा एखाद्या जिनिंग फॅक्टरीच्या संकेतस्थळावरही तीच. एका रंगातून दुसऱ्या रंगात, सांधा न दिसता जाणारा हा रंगपट आपण संगणकाचे अपत्य समजतो. त्याची वंशावळ मात्र बरीच जुनी आहे आणि तिचे एक मूळ बोदवडहून जामनेर, पहूर, फर्दापूर या रस्त्याने अर्ध्या दिवसात जाऊन येण्याइतके जवळ आहे. हे ऐकायला ओढूनताणून आणल्यासारखे वाटेल. म्हणून आपण सावकाश, एकेक टप्पा पाहत पुढे जाऊ.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्व रंगवला गेला. मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर मुख्यतः खनिज रंग, एवढीच सामग्री. त्या चेहऱ्याकडे नीट पाहिले तर नाकाच्या दांड्यावर आणि हनुवटीवर उजळ रंग दिसतो आणि कडेकडेने तो गडद होत जातो. सपाट भिंतीवर गोलाई आणण्याची ही युक्ती शिल्पशास्त्राला चांगली ठाऊक होती. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात जे चित्रसूत्र आहे, त्यात तिला वर्तना म्हटले आहे आणि तिचे तीन प्रकार दिले आहेत : पानाच्या शिरांसारख्या रेघांची पत्रजा, अतिसूक्ष्म रेघांची ऐरिक आणि टिंबांची बिंदुजा. स्टेला क्रामरिश यांनी १९२४ साली या भागाचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा तो आधुनिक अभ्यासकांच्या हाती आला. या तिन्ही प्रकारांत छटा म्हणजे रंगाचा अखंड ओघ नाही. ती रेघांची किंवा टिंबांची बनलेली असते. डोळा लांबून त्या एकत्र करतो. पुढची दीड हजार वर्षे साधने बदलत राहिली, टिंबांवाचून मात्र फारसे कोणाचे चालले नाही. आणखी एक गोष्ट येथेच नोंदवायला हवी. अजिंठ्यात उतरता रंग आकृतीच्या अंगावर आहे. आकृतीमागची जागा पाने, फुले, खडक आणि माणसांनी भरलेली आहे. मागची रिकामी जागाच छटेने रंगवावी, ही कल्पना अजून यायची होती.

ती आली आकाशाच्या निमित्ताने. १५८० मध्ये जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला अकबराच्या भेटीला गेले, तेव्हा त्यांच्या सामानात अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल होते आणि त्यात तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रे होती. मोगल चित्रकारांनी अशा चित्रांवरून दूरचे क्षितिज आणि त्यावर चढत जाणारे आकाश उचलले. क्षितिजापाशी पांढुरके, वर निळे, अशी आभाळाची पट्टी त्यानंतरच्या लघुचित्रांत सर्रास दिसू लागली. १६०१ मध्ये असीरगड पडला, खानदेश मोगलांचा सुभा झाला आणि तापीकाठचे बुऱ्हाणपूर दक्षिणेच्या राजकारणाचे ठाणे बनले. तेथे वर्षानुवर्षे मुक्कामाला असलेला मोगल सरदार अब्दुर रहीम खानखाना पदरी चित्रकार बाळगून होता. त्याच्यासाठी सिद्ध झालेली रामायणाची सचित्र प्रत आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. या चित्रकारांच्या बोलीत बारीक टिंबांनी छटा भरण्याला परदाज म्हणत. खारीच्या केसांच्या कुंचल्याच्या टोकाने एकेक टिंब ठेवत गाल, ढग, डोंगर घडवायचे, हे काम डोळे आणि आयुष्य दोन्ही खाणारे होते. बिंदुजा वर्तना आणि परदाज यांच्यात गुरुशिष्यपरंपरेचा अखंड धागा दाखवता येणार नाही. पण अडचण तीच होती आणि तिच्यातून निघालेली वाटही तीच.

छटा हाताने रंगवणे एक आणि छापणे निराळे. छापखान्याचे यंत्र दोनच गोष्टी जाणते : शाई आहे किंवा शाई नाही. मधला रंग त्याला ठाऊकच नसतो. ही अडचण निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या रीतीने सोडवली. १६४२ मध्ये लुडविग फॉन सीगेन या जर्मन माणसाने तांब्याचा पत्रा पाहिजे तेथे बारीक खरखरीत करून छटा मिळवली. जपानात हिरोशिगेच्या काळी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, छापणारा कारागीर लाकडी ठशावर रंग लावून तो ओल्या फडक्याने एका बाजूने पुसून घेई. त्यामुळे चित्राच्या माथ्यावर निळ्या आभाळाची पट्टी खाली विरत जाई. प्रत्येक प्रतीसाठी हे नव्याने करावे लागे, म्हणून दोन प्रतींचे आभाळ कधी तंतोतंत सारखे नसे. माझ्या मते आजच्या पडद्यावरील पार्श्वभूमीची खरी पणजी ही जपानी पट्टीच. कारण तेथे छटा कोणत्याही वस्तूच्या अंगावर नाही, ती नुसती मागे उभी आहे.

आता पुन्हा खानदेशात येऊ. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या मद्रास फौजेतील अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवले. तो आला आणि या मुलखातच राहिला. वर्षानुवर्षे राबून त्याने मोठमोठ्या तैलप्रती लंडनला पाठवल्या. तेथील क्रिस्टल पॅलेसला १८६६ च्या डिसेंबरात आग लागली आणि प्रदर्शनात मांडलेल्या बहुतेक प्रती जळाल्या. गिलने मग कॅमेरा अधिक जवळ केला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण कॅमेरा त्याच्या हाती त्याआधीच आला होता. त्याने टिपलेल्या ७४ छायाचित्रांचे, जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह निघालेले पुस्तक १८६४ चे आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे. छायाचित्रात छाया आणि प्रकाश यांच्यामध्ये अगणित पायऱ्या होत्या. ज्यासाठी चित्रकार शतकानुशतके टिंबे मोजत बसले, ते काम रसायने करू लागली होती. पण हे चित्र मजकुराबरोबर छापायची सोय अजून नव्हती. म्हणून त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रे हाताने चिकटवली जात. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे, बोदवडहून रेल्वेने अगदी थोड्या अंतरावर. अजिंठा पाहायला जगभरातून माणसे येतात. या कबरीकडे वाट वाकडी करणारे विरळाच. त्याच्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. अजिंठ्याच्या नकलांना लंडन काही मानवले नाही.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळवरून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. बोदवड याच मार्गावरचे. वऱ्हाड-खानदेशचा कापूस या वाटेने मुंबईकडे जाऊ लागला आणि उलट दिशेने विलायती कापडाचे तागे येऊ लागले. त्या ताग्यांवर रंगीत छाप चिकटवलेले असत : देव, हत्ती, राण्या, आगगाड्या. हे छाप शिळाछापाच्या तंत्राने काढलेले असत. अलॉइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस शोधलेले हे तंत्र म्हणजे बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडी दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि छापायची शाई फिरवायची; तेलकट जागा शाई धरते, ओली जागा नाकारते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या चित्रशाळेने याच तंत्राने देवादिकांची चित्रे घरोघर पोचवली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना घातला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि यथावकाश फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. जुन्या घराच्या माजघरात या छापखान्याची लक्ष्मी अजून लटकत असेल, तर तिच्या मागचे आभाळ भिंगातून पाहावे. निळा रंग म्हणून जे दिसते ते निळ्या, गुलाबी, पिवळसर टिंबांचे दाट-विरळ जाळे आहे. आभाळ फिकट व्हायचे तेथे टिंबांमधले अंतर वाढलेले. दगडावर ही टिंबे कारागिराने एकेक करून ठेवली आहेत. परदाजच, फक्त दगडावरचा.

हे हाताचे काम यंत्राकडे गेले ते जाळीमुळे. १८८२ मध्ये म्युनिकच्या गेओर्ग माइझेनबाखने छायाचित्राच्या आड रेघांची जाळी धरून त्याचे लहानमोठ्या टिंबांत रूपांतर करण्याची रीत नोंदवली. गडद जागी मोठे टिंब, उजळ जागी लहान. तीन मूळ रंगांच्या तीन जाळ्या एकमेकींवर छापल्या की सगळे रंग. हेच तीन रंगांचे तंत्र शिकायला १९०९ मध्ये एक मराठी माणूस जर्मनीला गेला, तो म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यासाठी काम केलेले, नंतर स्वतःचा छापखाना काढलेले फाळके पुढे चित्रपटांकडे वळले आणि छपाईच्या इतिहासातले त्यांचे पान झाकले गेले. जर्मनीहून आल्यावर छापखान्याच्या भागीदारांशी पटले असते, तर महाराष्ट्राला कदाचित एक उत्तम रंगीत छापखाना मिळाला असता आणि 'राजा हरिश्चंद्र' दुसऱ्या कोणी काढला असता.

याच सुमारास मराठी माणूस उतरत्या रंगासमोर रात्ररात्र बसू लागला होता, नाटकगृहात. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आत्येमामेभावांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. फोटो स्टुडिओतही कापडी पडदा आला. नवरानवरी खुर्चीवर आणि मागे कडेने गडद, मध्ये उजळ असा धुरकट रंग. अमेरिकेत १८९० च्या दशकापर्यंत हवेच्या दाबाने रंग फवारणारे लेखणीएवढे यंत्र बाजारात आले होते. आपल्याकडचे कॅलेंडरचे आणि पोस्टरचे कलावंत त्याला स्प्रे म्हणत. कुंचल्याची रेघ या साधनाने नाहीशीच केली. रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवतांमागचा दुधाळ उजेड किंवा दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'च्या मुखपृष्ठांवरील कोवळे रंग डोळ्यांत भरलेल्या पिढ्यांना मागचा रंग विरघळलेलाच हवा, ही सवय लागली. फवारलेला रंग म्हणजे तरी काय? हवेतून पडलेले अगणित सूक्ष्म थेंब, तेही अनियमित अंतराने. हा अनियमितपणा लक्षात ठेवावा, कारण पुढे सगळे त्यावरच येणार आहे.

तो का महत्त्वाचा, हे कळायला आधी डोळ्याकडे वळावे लागते. ऑस्ट्रियाचा भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख याने १८६५ मध्ये एक विचित्र गोष्ट दाखवून दिली होती. उजेडाची एक पायरी संपून दुसरी सुरू होते त्या सीमेवर आपला डोळा फरक वाढवून पाहतो; प्रत्यक्षात नसलेली एक उजळ आणि एक गडद रेघ त्याला दिसते. छटेत किंचित जरी पायरी राहिली तरी ती लपत नाही. संगणकाला चित्र दाखवायची वेळ आली तेव्हा हेच आडवे आले, कारण संगणक रंग मोजूनच ठेवतो आणि मोजणे म्हणजे पायऱ्या करणे. १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत लॅरी रॉबर्ट्स या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी यावर उलटा उपाय केला. पायऱ्या पाडण्याआधी त्याने चित्रात मुद्दाम यादृच्छिक गोंगाट मिसळला. पट्टे फुटून त्यांचे कण झाले आणि कमी पायऱ्यांतले चित्र डोळ्याला अधिक सलग वाटू लागले. हेच रॉबर्ट्स पुढे आर्पानेटचे, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वजाचे, एक प्रमुख शिल्पकार झाले. वेबची पार्श्वभूमी गुळगुळीत करण्याची क्लृप्ती आणि वेब ज्यावर उभे आहे ते जाळे, दोहोंच्या जन्माशी एकच माणूस असावा, हा योग मला फार मोठा वाटतो. १९७१ मध्ये आंरी गूरोने त्रिमितीय आकृतींवर छटा पसरवण्याचे गणित मांडले, १९७६ मध्ये फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी एका ठिपक्याची चूक शेजारच्या ठिपक्यांत वाटून देण्याची रीत प्रसिद्ध केली. पाया घातला गेला होता.

१९८९ मध्ये कोरलड्रॉ हे चित्रकामाचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि काही वर्षांतच ते तालुक्याच्या गावातील डीटीपीच्या दुकानापर्यंत पोचले. श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर आणि मागे फाउंटन फिल, म्हणजे कोरलड्रॉमधला उतरता रंग, ही जोडी तेथून जमली. फाउंटन फिलच्या चौकटीत पायऱ्यांची संख्या भरावी लागे. ती कमी पडली की छापून आल्यावर पट्टे दिसत. छपाईसाठी फिल्म काढणाऱ्या यंत्राचीही मर्यादा होती. इंचाला २४०० ठिपके टाकणाऱ्या यंत्रावर इंचाला १५० रेघांची जाळी घेतली, तर जाळीच्या एका टिंबाला १६ गुणिले १६, म्हणजे २५६ ठिपक्यांची जागा मिळते; त्यामुळे करड्या रंगाच्या पायऱ्याही साधारण तेवढ्याच. लांबलचक छटेला त्या पुरत नसत.

वेबपान सुरुवातीला राखाडी होते. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरच्या १.१ आवृत्तीने पानामागे रंग किंवा चित्र घालू दिले आणि लोकांनी त्या सवलतीचे जे केले ते आठवू नये असेच होते. उतरता रंग हवा असेल तर एक पिक्सेल रुंद आणि शेकडो पिक्सेल उंच अशी चित्रपट्टी करायची आणि ती आडवी पुन्हापुन्हा मांडायची, ही त्या काळातील युक्ती. २५६ रंगांच्या मर्यादेतील पट्ट्या ठळक पट्टे दाखवत. मायक्रोसॉफ्टने २००० साली आपल्या ब्राउझरात चित्राविना छटेची सोय केली, पण दोनच रंग आणि आडवी किंवा उभी एवढ्याच दिशा. त्याच वर्षी ॲपलने ॲक्वा नावाचे चकाकते रूप दाखवले आणि पुढची काही वर्षे जगभरच्या बटणांवर काचेचा मुलामा चढला.

वळण आले १४ एप्रिल २००८ रोजी. वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या डेव्ह हायट यांनी जाहीर केले की छटा आता सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, नुसत्या शब्दांत लिहिता येईल, चित्र करायला नको. मोझिलाने जानेवारी २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६ मध्ये तीच सोय आणली, पण निराळ्या, सुटसुटीत लेखनपद्धतीत. वर्षभराने वेबकिटनेही ती मान्य केली. एकाच पार्श्वभूमीसाठी चार ब्राउझरांच्या चार ओळी लिहायचे दिवस ज्यांनी काढले त्यांना ते विसरणे शक्य नाही. शून्य अंश म्हणजे उजवीकडे की वरच्या दिशेने, यावरही आधी एक आणि नंतर दुसरेच ठरले. अखेर एप्रिल २०१२ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या वेब कन्सॉर्शियमने हा मसुदा शिफारशीच्या उंबरठ्यावर आणला आणि वाद मिटला. चित्राची फाइल गेली, राहिले एक वाक्य : अमुक दिशेने, या रंगापासून त्या रंगापर्यंत.

मात्र 'पासून' आणि 'पर्यंत' यांच्या मधल्या वाटेचा प्रश्न शिल्लकच होता. पडद्याच्या नेहमीच्या हिशेबात शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांचा मध्यबिंदू काढला तर येतो तो बरोबर राखाडी. आकडे बिनचूक असतात, तरी डोळ्याला मध्ये मळ दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये ब्यॉर्न ओटोसन या स्वीडिश अभियंत्याने ओकेलॅब नावाची रंगमोजणी प्रसिद्ध केली. तीत समान अंतर म्हणजे डोळ्याला समान वाटणारा फरक, असा प्रयत्न आहे. २०२४ पर्यंत प्रमुख ब्राउझरांनी छटा या हिशेबाने काढायला परवानगी दिली. आता मधला राखाडी मळ जाऊन तेथे फिकट निळसर रंग येतो आणि उजेड एका चालीने चढतो.

एवढे होऊनही पट्टे उरले आहेत. १०८० ओळींच्या पडद्यावर गडद निळी पार्श्वभूमी घ्या. तिचा निळा घटक वरून खाली २० पासून ५० पर्यंत चढतो आहे. २५६ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर हे अंतर फक्त ३० पायऱ्यांचे. म्हणजे प्रत्येक पायरी ३६ ओळी रुंद, आणि माखने सांगितल्याप्रमाणे प्रत्येकीची कड डोळ्यात खुपणार. रंग जितका गडद आणि दोन टोके जितकी जवळ, तितका हा दोष उघडा पडतो. यावर संकेतस्थळे बांधणारे आज करतात ते असे : छटेवर अतिशय फिकट, जेमतेम एकदोन पायऱ्यांच्या ताकदीचा कणांचा थर पसरतात. हे कण बहुधा केन पर्लिनने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोंगाटाच्या गणितातून येतात. एसव्हीजी या वेबवरील चित्रांच्या मानकात ते २००१ पासून आहे. पट्टे फुटतात आणि पार्श्वभूमी गुळगुळीत दिसते. कण जास्त झाले तर वरची अक्षरे मळकट होतात, म्हणून तो थर मोठ्या पडद्यावर आणि साध्या मोबाइलवर, दोन्हीकडे तपासून मगच ठेवावा. सीएसएसच्या मानकात छटेमध्ये कण मिसळण्याची स्वतंत्र आज्ञा मात्र आजही नाही. तो थर ज्याने त्याने वेगळा घालावा लागतो.